दाजीसाहेब साळिंदरांचा परदेशी उमेदवार

मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि शेजारच्याला कोपर मारू नका.

एका जंगलात बिळे खोदून देण्याचा एक कारखाना होता. जंगल कुठले ते विचारू नका. तिथे जायला धड पायवाट नाही, आणि जी आहे ती मालकांनी स्वतःच्या दारापर्यंतच नेली आहे.

हे मालक म्हणजे दाजीसाहेब साळिंदर. अंगावर काटे, नाकावर चष्मा आणि मनात एकच इच्छा, की जंगलभर आपले नाव व्हावे. दारावर त्यांनी पाटी लावली होती : 'साळिंदर आणि मंडळी. सर्व मापांची बिळे खात्रीपूर्वक खोदून मिळतील.'

मंडळी एकूण नऊ होती. कोणी बिळांच्या नोंदी ठेवी, कोणी त्या नोंदी तपाशी, कोणी तपासणाऱ्यासाठी चहा करी. दोन उंदीर माती वाहत. प्रत्यक्ष बीळ खोदत असे ती एकटी कोंडाबाई.

कोंडाबाई ही घूस होती. वयाने उतरलेली, अंगाने आडवी, बोलायला कमी. जमिनीला कान लावला की आत मुरूम आहे की वाळू, पाणी किती खाली आहे आणि शेजारचा नाग किती अंतरावर झोपला आहे, हे सारे तिला कळे. तिने खोदलेल्या बिळात कधी पाणी शिरले नव्हते. पण घर कोरडे असले की ते बांधले कुणी असा प्रश्न कुणाला पडत नाही. त्यामुळे कोंडाबाईचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. दाजीसाहेब तिला 'ती मागची' म्हणत, कारण ती कारखान्याच्या मागच्या अंगाला काम करी.

एकदा काय झाले, जंगलातल्या कारखानदारांचे स्नेहसंमेलन भरले. तिथे पलीकडच्या रानातले खवल्या मांजर एका कांगारूबाईला घेऊन आले. हेही बिळांच्याच धंद्यात होते. त्यांनी सगळ्यांना सांगितले की ही आमची परदेशी शिकाऊ उमेदवार, सहा महिने आमच्याकडे शिकणार आहे.

झाले. सगळे संमेलन कांगारूबाईंभोवती गोळा झाले. आमचे जंगल कसे वाटले, असे चौदा जणांनी विचारले. एका वानरिणीने तर आपले पोर तिच्या पिशवीत ठेवून चित्र काढून घेतले. दाजीसाहेबांनी आपल्या कारखान्याची दहा वर्षांची प्रगती एका केळीच्या पानावर लिहून आणली होती. ती वाचायला कुणी थांबले नाही. परत येताना वाटेत त्यांनी ते पान खाऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करकोच्याला बोलावणे धाडले.

करकोचा दरवर्षी समुद्र ओलांडून ये-जा करी, आणि येताजाता उमेदवार पोचवण्याचे काम करी. त्याची मान लांब होती आणि अर्ज तिच्याहून लांब. अर्जातला पहिलाच प्रश्न होता, उमेदवाराला आपण काय शिकवणार?

दाजीसाहेब गोंधळले. "शिकवायचं असतं होय? मला वाटलं, नुसतं ठेवायचं असतं."

करकोचा म्हणाला की बहुतेक मालकांना तसेच वाटते, पण रकाना रिकामा सोडता येत नाही.

तेव्हा दाजीसाहेबांनी आपल्या हेडक्लार्कला हाक मारली. हेडक्लार्क होता रंगनाथ सरडा. समोर कोण उभे आहे ते पाहून रंगनाथ रंग बदलत असे, म्हणून तो आजवर टिकला होता. त्याने बसल्या बैठकीत बारा आठवड्यांचा आराखडा लिहून काढला. पहिला आठवडा, ओळख. दुसरा आठवडा, सखोल ओळख. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत, निरीक्षण. अकरावा, निरीक्षणावर चिंतन. बारावा, निरोप समारंभ. मार्गदर्शकाच्या रकान्यात त्याने दाजीसाहेबांचे नाव घातले. कोंडाबाईचे नाव घालावे असे एका उंदराने सुचवून पाहिले, पण मार्गदर्शक परदेशी पाहुण्याशेजारी उभा राहिल्यावर बरा दिसला पाहिजे, असे रंगनाथने त्याला समजावले.

करकोच्याने शेवटी विचारले की उमेदवार कसा हवा. दाजीसाहेब म्हणाले की कसाही चालेल, फक्त लांबून पाहताच परदेशी वाटला पाहिजे.

दोन महिन्यांनी उमेदवार आला. तो पेंग्विन होता.

दक्षिणेच्या थंड समुद्रातून गलबतावर, तिथून म्हशीच्या पाठीवर, आणि शेवटचे कोसभर स्वतःच्या पायांनी डुलत डुलत तो आला. पांढरे पोट, काळी पाठ, ताठ मान. दारातल्या मंडळींना वाटले की कुणी वकील आला. चहावाला मुंगळा तर कोर्टाचे समन्स समजून झाडावर चढला.

दाजीसाहेबांनी स्वागताला नारळ, हार आणि वानरांचे वाद्यपथक ठेवले होते. पेंग्विनाला खांदे नव्हते, त्यामुळे हार घातला की सरळ पायाशी येई. तीनदा घातला, तीनदा आला. चौथ्यांदा त्याने तो नम्रपणे चोचीत धरला.

त्याचे नाव क्वार्र्न्यक असे काहीसे होते. रंगनाथने ते दोनदा ऐकले आणि हजेरीपटावर 'कर्णिक' असे लिहिले. तेव्हापासून तो कर्णिकसाहेब झाला.

आपण कशासाठी आलो हे पेंग्विनाने स्वागताच्या वेळीच सांगितले. करकोचा तोवर तिथे होता, त्याने ते मराठीत सांगितले. पेंग्विनांच्या बेटावर झाड नाही, आडोसा नाही. वारा असा की अंडी गडगडत समुद्रात जातात. म्हणून ते बिळे खोदून त्यांत अंडी ठेवतात. पण बेटाची माती भुसभुशीत, बिळे ढासळतात. गेल्या वर्षी चाळीस घरांची अंडी मातीखाली गेली. तेव्हा साऱ्या वस्तीने मिळून याला निवडले आणि बीळ कसे खोदायचे ते शिकून ये म्हणून धाडले. पुढच्या अंड्यांचा हंगाम लागायच्या आत त्याला परत पोचायचे होते.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दाजीसाहेबांनीही वाजवल्या, पण त्यांचे लक्ष कर्णिकसाहेबांना कुठे बसवले म्हणजे रस्त्यावरून दिसतील याकडे होते. करकोचा अर्जावर एक खूण करून उडून गेला.

पेंग्विनाला दारात बसवण्यात आले. उंच पाटावर, पाटीच्या बरोबर खाली.

आता, मुलांनो, थंडीतल्या प्राण्याला आपल्याकडचा उन्हाळा कसा सोसावा? पहिल्याच दुपारी तो जीभ बाहेर काढून आडवा झाला. धावपळ झाली. दारावर वाळ्याचे पडदे लागले. तोंडात पाणी धरून फवारे मारायला दोन बेडूक नेमले. वारा घालायला मंडळी कमी पडली, म्हणून कोंडाबाईकडचे दोन्ही उंदीर काढून पंख्यावर बसवले. माती वाहायला आता कोण, असे कोंडाबाईने विचारले. रंगनाथने सांगितले की परदेशी उमेदवार कारखान्यात असताना मातीचा विषय काढू नये.

अशी बिळांची कामे रखडली. खोदायचे तिने आणि माती उपसायचीही तिनेच. एका मुंगसाचे बीळ आठवडाभरात द्यायचे होते, ते पंधरा दिवसांतही झाले नाही. मुंगूस भांडायला आले. बायकोलाही घेऊन आले, कारण भांडणात ती जास्त चांगली होती.

दारात आले आणि पाहतात तो उंच पाटावर काळा कोट, पांढरा सदरा, मागे वाळ्याचा पडदा, दोन्ही बाजूंना उंदीर वारा घालताहेत.

मुंगसाने हात जोडले. बायकोने पदर सावरला.

पेंग्विनाने त्यांच्याकडे पाहून आपल्या भाषेत काही म्हटले. तो दिसेल त्याला तेच म्हणत असे, की मला खोदायचे आहे, मला कुणी खोदायला नेईल का.

रंगनाथ दुभाषी म्हणून उभा होता. त्याला पेंग्विनाची भाषा येत नव्हती, पण ती कुणालाच येत नसल्याने चूक निघत नव्हती. तो म्हणाला, "साहेब म्हणतात, तुमचं काम फार खोलवर चाललं आहे."

मुंगसाचे समाधान झाले. जाताना त्याने मेहुण्यासाठी आणखी एक बीळ सांगितले.

ही गोष्ट जंगलात पसरली. आता बिळे वेळेवर मिळत नव्हती, तरी मागणी दुप्पट झाली. ज्यांना बीळ लागतच नाही असे प्राणीही बीळ सांगू लागले. एका मोराने आपल्यासाठी सांगितले. शेपूट आत मावणार नाही, असे कोंडाबाई म्हणाली. पण मोराला ते राहायला नको होते, साहेबांच्या कारखान्यातले म्हणून दाखवायला हवे होते.

दाजीसाहेब खूश होते. पेंग्विन मात्र दिवसेंदिवस सुकत चालला. पाटावर बसून तो आठवडे मोजी. ओळख झाली, सखोल ओळख झाली, निरीक्षण सुरू झाले. निरीक्षण कशाचे, तर रस्त्याचे. बेटावर आता माद्या अंड्यांवर बसायला जागा शोधू लागल्या असतील, असे त्याच्या मनात येई.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी दाजीसाहेब जेवून वामकुक्षीला गेले. रंगनाथ भिंतीवर भिंतीचा रंग घेऊन झोपला. उंदीर पेंगले. बेडूक तोंडात पाणी तसेच धरून घोरू लागले. पेंग्विन पाटावरून हळूच उतरला आणि खोदण्याचा आवाज येत होता तिकडे, कारखान्याच्या मागच्या अंगाला गेला.

तिथे एका भोकातून माती उडत होती.

थोड्या वेळाने भोकातून कोंडाबाईचे तोंड बाहेर आले. दारातले साहेब समोर उभे पाहून ती दचकली. "साहेब, कडेला व्हा. अंगावर माती उडंल."

साहेब कडेला झाले नाहीत. ते पोटावर आडवे झाले आणि उपसलेल्या ढिगाऱ्यावर घसरत जाऊन सगळी माती पोटाने उतारावर ढकलून आले. दोन उंदीर अर्ध्या दिवसात नेत, तेवढी माती एका घसरगुंडीत गेली. मग पेंग्विन उभा राहिला. पोटावरचे पांढरे आता तांबडे झाले होते.

कोंडाबाईने पुढल्या पायांची माती झटकली आणि त्याच्याकडे नीट पाहिले. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. पण त्याने शेजारचा एक गोल दगड घेतला, पायांवर ठेवला, आणि वाऱ्यासारखा आवाज काढला. दगड गडगडत गेला. तो धावला, दगड उचलून आणला, एक खड्डा उकरून त्यात ठेवला. खड्डा ढासळला. त्याने ती माती पंखाने थोपटली आणि खाली पाहत राहिला.

मग त्याने आणखी दगड गोळा केले. एकेक करून मांडले. चाळीस झाल्यावर थांबला.

कोंडाबाईने ते सगळे दगड पाहिले. मग म्हणाली, "चल, ये आत."

तेव्हापासून रोज दुपारी तो मागे जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो बिळात अडकला आणि त्याला पाय धरून ओढून काढावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याने खोदलेले बीळ त्याच्याच पाठीवर बसले. तिसऱ्या दिवशी तो इतक्या जोरात खोदू लागला की कोंडाबाईने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"आधी ऐक," ती म्हणाली. "मग खोद."

तिने त्याचे डोके जमिनीला टेकवले. त्याला काहीच ऐकू आले नाही. तिने पुन्हा टेकवले. असे आठवडाभर चालले. एका दुपारी त्याने अचानक डोके उचलले आणि डाव्या बाजूला चोच दाखवली. तिकडे खाली वाळू होती. कोंडाबाई हसली. दहा वर्षे ती इथे खोदत होती, पण ती काय ऐकते हे आजवर तिला कुणी विचारले नव्हते.

मग तिने त्याला बाकीचे शिकवले. तोंड वाऱ्याकडे करायचे नाही. आत शिरताना जरा चढ ठेवायचा, म्हणजे पाणी येत नाही. दोन हातांवर एक वळण घ्यायचे, म्हणजे वारा आत पोचत नाही. भुसभुशीत माती लागली तर ओली करून पोटाने चोपायची, आणि पेंग्विनाला पोट देवाने त्याचसाठी दिले असावे असे तिला वाटले. तो शब्दही शिकला. माती. उतार. थांब. हळू. ती त्याला साहेब म्हणायची सोडून कधी 'अरे' म्हणू लागली, ते दोघांच्याही ध्यानात आले नाही. मुंगसाचे बीळ झाले. मेहुण्याचे झाले. मोराचे सुद्धा झाले.

दुपार संपली की तो ओढ्यात बुडी मारून काळा-पांढरा होऊन परत पाटावर बसे. उंदीर जागे होऊन वारा घालू लागत. बेडूक तोंडातले पाणी फवारत. बिळे इतक्या झपाट्याने कशी होऊ लागली, असे दाजीसाहेबांनी एकदा विचारले. रंगनाथने सांगितले की दारात साहेब बसल्यामुळे शिस्त आली.

असे करता करता बारावा आठवडा लागला. करकोचा तपासणी करून उमेदवाराला परत न्यायला येणार होता. दाजीसाहेबांनी निरोप समारंभ मोठा ठरवला. खवल्या मांजराला मुद्दाम बोलावले, कांगारूबाईसकट. समारंभासाठी त्यांनी स्वतःच्या कल्पनेने एक नमुन्याचे बीळ करवून घेतले. रंगनाथने आराखडा काढला. तोंड ऐसपैस, वर कमान, आत सभागृह, आणि ओढ्याकडे दर्शनी दार, कारण तिकडून देखावा चांगला दिसतो. चहावाला, नोंदवाला आणि तपासणीवाला यांनी मिळून ते खोदले. कोंडाबाईने येऊन सांगितले होते की इथली माती धरत नाही. तिला सांगण्यात आले की समारंभाच्या दिवशी तिने मागेच थांबावे.

तो दिवस उजाडला. पाहुणे जमू लागले. आणि पेंग्विन पाटावर नव्हता.

तो मागे होता. शेवटचा दिवस म्हणून कोंडाबाईने त्याला एक संपूर्ण बीळ एकट्याने खोदायला लावले होते. ते पुरे करून तो बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखला होता. तसाच आनंदाने डुलत तो दर्शनी बाजूला आला आणि थेट दाजीसाहेबांसमोर उभा राहिला.

दाजीसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांना एक बुटका, तांबडा, चिखलात लोळलेला मजूर दिसला. पाहुणे यायच्या वेळी असले ध्यान दारात नको, म्हणून त्यांनी त्याला हाकलून दिले. कोणत्या कामावर आहेस, तिकडेच राहा, असे बजावले. पेंग्विनाला त्यातला 'तिकडे' हा शब्द समजला. तो कोंडाबाईकडे परत गेला.

इकडे करकोचा येऊन उतरला. खवल्या मांजर पुढच्या ओळीत बसले. कर्णिकसाहेब कुठे आहेत, असे सगळे विचारू लागले. दाजीसाहेबांचे काटे ताठ झाले. त्यांनी रंगनाथला बाजूला घेतले. काय बोलणे झाले ते कुणी ऐकले नाही. पण रंगनाथ पडद्यामागे गेला, आणि थोड्या वेळाने पडद्यामागून पांढऱ्या पोटाचा, काळ्या पाठीचा रंगनाथ बाहेर आला. तो पाटावर चढला आणि मान ताठ केली.

शेपूट तेवढी लांब होती. ती त्याने मागे गुंडाळून धरली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इथले पाणी मानवल्यामुळे साहेब सडपातळ झाले, असे मुंगूस बायकोला म्हणाले. राहिला करकोचा. पण करकोचा उमेदवाराकडे पाहत नसे, कागदाकडे पाहत असे. रंग, काळा आणि पांढरा, बरोबर. नाव, कर्णिक, बरोबर. उंची निम्म्याने कमी. त्यापुढे त्याने लिहिले, घरची आठवण.

मग त्याने चोचीने पुढचा रकाना शोधला आणि उमेदवाराने बीळ खोदून दाखवावे, असे सांगितले.

रंगनाथचा रंग क्षणभर हिरवा झाला. दाजीसाहेब घाईने उठले. आधी नमुन्याच्या बिळाचे उद्घाटन होऊ दे, असे म्हणून ते कमानीखालून आत शिरले, सभागृहात जाऊन उभे राहिले आणि तिथून भाषण करू लागले. त्यांचा आवाज चांगला घुमला. तो घुमला, आणि वरची माती खाली आली.

कमान गेली, सभागृह गेले, भाषणही गेले. धुरळा बसला तेव्हा जिथे बीळ होते तिथे एक उंचवटा होता, आणि त्यातून चारपाच काटे वर आले होते.

सगळे धावले. चहावाल्याने एक काटा ओढून पाहिला, तर तो एकटाच हातात आला. वरून उकरावे तर आणखी माती आत जाई. घाबरल्यामुळे दाजीसाहेबांनी सगळे काटे फुलवले होते, आणि ते चहूबाजूंनी मातीत रुतून बसले होते. आतून आवाज येई, तो हळूहळू बारीक होत चालला. पाटावर दोन रंगांचा रंगनाथ तसाच बसून होता. उतरावे तर सोंग उघडे पडणार, बसावे तर मालक जाणार. त्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून कोंडाबाई आली आणि तिच्या मागे तो चिखलाने माखलेला मजूर. दोघांनी उंचवट्याला कान लावले. पाहुण्यांना वाटले की हे प्रार्थना करताहेत. मग मजुराने उजवीकडे चोच दाखवली, कोंडाबाईने मान हलवली, आणि दोघे बाजूने खोदू लागले. जरा चढ ठेवून, दोन हातांवर वळण घेऊन, ओली माती पोटाने चोपत. तो पुढे, ती मागे.

आत दाजीसाहेबांच्या नाकाला एक थंड चोच लागली. अंधारात कुणीतरी अडखळत मराठीत म्हणाले, "दाजीसाहेब. काटे मिटा. हळू."

दाजीसाहेबांनी काटे मिटले. मिटताच ते आपसूक सुटले आणि उतारावरून घरंगळत बाहेर आले.

त्यांनी डोळे चोळले, श्वास घेतला, चष्मा शोधला. दोन्ही काचा गेल्या होत्या. समोर माखलेला पेंग्विन आणि कोंडाबाई उभी होती, पण ती त्यांना मातीच्या ढिगांसारखी दिसली. लांब उंच पाटावर मात्र काहीतरी काळे-पांढरे दिसले. ते लगबगीने तिकडे गेले आणि कर्णिकसाहेबांचे पाय धरून म्हणाले की तुमच्या मार्गदर्शनामुळे आज वाचलो. लगेच, डोळ्यांत पाणी आणून, त्यांनी प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र रंगनाथपुढे धरले. रंगनाथने ते शेपटीने घेतले.

खवल्या मांजर घरी जाताना कांगारूबाईला म्हणाले की एका उमेदवारात इतका फरक पडतो. तुम्ही आमच्याकडे नुसत्याच बसून असता.

संध्याकाळी ओढ्यावर पेंग्विनाने अंग धुतले. करकोचा न्यायला आला आणि प्रमाणपत्र मागितले. पेंग्विनाने आपल्याकडे ते नसल्याचे सांगितले. प्रमाणपत्राशिवाय तू शिकलास हे वस्ती कशी मानेल, असे करकोच्याने विचारले.

पेंग्विन म्हणाला, "अंडी कागद बघत नाहीत."

करकोच्याला या उत्तरासाठी रकाना सापडला नाही. त्याने अर्ज मिटला.

कोंडाबाई काठावर उभी होती. तिने त्याला द्यायला म्हणून काही आणले नव्हते. त्याच्या पाठीला एके ठिकाणी माती राहिली होती, ती तिने नखाने खरवडून काढली आणि म्हणाली, "जा आता. माद्या खोळंबल्या असतील."

त्या वर्षी बेटावर वारा नेहमीसारखाच आला. पण बिळे उभी राहिली. एकही अंडे समुद्रात गेले नाही की मातीखाली गेले नाही. चाळीस घरांत पिल्ले झाली, काही घरांत दोन दोन. मग शेजारच्या बेटावरचे पेंग्विन शिकायला आले, मग त्याच्या पलीकडचे. ही विद्या कुठली, असे ते विचारत. क्वार्र्न्यक सांगे, 'कोंडा'. तिकडे सगळे तिला कोंडा पद्धत म्हणू लागले.

पुढच्या वर्षी येणाऱ्या पाखरांनी हे नाव जंगलात आणले. स्नेहसंमेलनात सगळ्यांच्या तोंडी तेच. सातासमुद्रांपलीकडे बिळांचे एक नवे तंत्र निघाले आहे, कोंडा पद्धत. दाजीसाहेब धावत घरी आले आणि आपल्याकडे हे तंत्र ताबडतोब आले पाहिजे, असे त्यांनी रंगनाथला फर्मावले.

रंगनाथने दोन दिवस अभ्यास केला. मग जंगलाच्या कडेच्या भातगिरणीतून सतरा पोती कोंडा आणवला आणि प्रत्येक नव्या बिळात भिंतीला जाडसर थापायला सुरुवात केली. दारावर नवी पाटी लागली : 'परदेशी कोंडा पद्धतीची बिळे.' ससे तर रांग लावून आले. ते राहायला जात, आठवड्याभरात भिंती खाऊन संपवत आणि पुन्हा रांगेत येत.

भिंतीला कोंडा कशाला फासताय, असे कोंडाबाईने एकदा विचारले.

"बाई, हे परदेशी तंत्र आहे," रंगनाथ म्हणाला. "तुला नाही कळायचं."

त्याच आठवड्यात करकोचा परत आला. या वेळी तो दर्शनी दाराने आला नाही, मागच्या अंगाला उतरला. पलीकडच्या बेटांवर कातळ होता, तिथे काय करावे ते कुणाला सुचत नव्हते, म्हणून पेंग्विनांनी कोंडाबाईला बोलावले होते. करकोच्याने अर्ज काढला. प्रवासाचा हेतू, शिकणे की शिकवणे?

कोंडाबाईने थोडा विचार केला. "खोदायला चाललेय, असं लिहा," ती म्हणाली. तिने पाय झटकले, शेवटचे बीळ पुरे आहे ना ते डोकावून पाहिले, आणि ती निघाली.

ती गेली हे कारखान्यात कुणाला कळले नाही. तीन आठवड्यांनी दाजीसाहेबांच्या लक्षात आले की एकही नवे बीळ झालेले नाही. नोंदी होत होत्या, तपासण्या होत होत्या, चहा होत होता. त्यांनी रंगनाथला बोलावून कारण विचारले.

रंगनाथने नोंदी चाळल्या, जमेल तेवढा गंभीर रंग घेतला आणि म्हणाला, "साहेब, कोंडा कमी पडतोय."

जन्मात पहिल्यांदा तो खरे बोलला होता, आणि ते त्याला कळलेही नाही. दाजीसाहेबांनी आणखी चाळीस पोती मागवली.

तात्पर्य : मुलांनो, मोठे होऊन कारखाने काढाल तेव्हा परदेशी उमेदवार जरूर ठेवा. मात्र तो दारातच बसून राहील याची काळजी घ्या. चुकून मागच्या अंगाला गेला तर तो शिकतो, आणि मग आपल्याकडे शिकण्यासारखे काहीतरी होते, ही बातमी नाहक आपल्या कानावर येते.